‘सक्तीची सैन्यभरती आणि न्याय’ : सोलापुरातील चार सत्रांच्या एका वर्गाविषयी

सात रस्त्यापासून डफरीन चौकापर्यंत चालत गेले तरी स्पर्धा परीक्षांच्या वर्गांचे इतके फलक दिसतात की त्यांतला फरक केवळ रंगांवरूनच सांगता यावा. त्यामुळे त्यांपैकी एका वर्गाने एकाच प्रश्नाला वाहिलेली चार रविवारांची मालिका जाहीर केली, तेव्हा मला नवल वाटले. युद्धकाळात सरकार नागरिकांना सक्तीने सैन्यात नेते तेव्हा ते ओझे नेमके कोणाच्या खांद्यावर पडते, हा तो प्रश्न. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून निबंध आणि नीतिशास्त्र या पेपरांसाठी अशा मालिका निघू लागल्या आहेत. माझी मुलगी ती परीक्षा देणार असल्यामुळे तिने नाव नोंदवले, आणि पालकाला अर्ध्या शुल्कात बसता येते असे कळल्यावर मीही नोंदवले. मी टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो. इतिहासाशी माझा संबंध वाचनापुरता आहे. विद्यार्थ्यांसाठी शुल्क १,२०० रुपये होते. वर्गाचे नाव येथे लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत.

जागेविषयी थोडक्यात सांगतो. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही आणि एप्रिलच्या उन्हात वरचे छत सकाळी दहालाच तापते. पाण्याचा माठ मात्र रोज भरलेला असे आणि त्याच्यावर ओले फडके असे, ही नोंद करणे मला आवश्यक वाटते. पुढच्या तीन ओळींवर नवे पंखे आहेत आणि त्या ओळींतील जागेसाठी ५०० रुपये जादा घेतले जातात. पहिल्या दिवशी मला यात काही वावगे वाटले नाही. दुसऱ्या रविवारी वाटले, त्याचे कारण पुढे येईल.

शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच तासाला विचारले, ‘सरकारला हजार माणसे हवी आहेत आणि पात्र माणसे दहा हजार आहेत. कशी निवडाल?’ बहुतेकांनी चिठ्ठ्या टाकू असे सांगितले. चिठ्ठीला जात नसते, ओळख नसते, चिठ्ठी लाच घेत नाही, अशी कारणेही दिली. सर काही बोलले नाहीत. त्यांनी टेबलाखालून घरी पापड ठेवायला वापरतात तसा एक उंच, अरुंद स्टीलचा डबा काढला आणि वर्षातील प्रत्येक तारखेची एक, अशा ३६६ चिठ्ठ्या महिन्यांच्या क्रमाने त्यात भरायला लावल्या. पूर्व भागातून येणाऱ्या एका मुलीने सगळ्या चिठ्ठ्यांच्या इतक्या एकसारख्या, घट्ट सुरळ्या केल्या की सरांनी त्या हातात घेऊन पाहिल्या. घरी विड्या वळतात, असे तिने सांगितले. डबा दोनदा हलवून झाला आणि वरून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली. साठ चिठ्ठ्या काढल्यावर फळ्यावर मोजणी केली, तेव्हा त्यांतल्या चाळीसहून अधिक सप्टेंबर ते डिसेंबरच्या निघाल्या. माझ्या मुलीचा जन्म डिसेंबरचा. तिची तारीख अकराव्या क्रमांकावर आली आणि ती खरोखरच गप्प झाली.

त्यानंतर सरांनी १ डिसेंबर १९६९ या दिवसाची हकीगत सांगितली. व्हिएतनामच्या युद्धासाठी अमेरिकेने त्या रात्री वॉशिंग्टनमध्ये सोडत काढली. १९४४ ते १९५० या काळात जन्मलेल्या तरुणांच्या जन्मतारखा प्लास्टिकच्या ३६६ निळ्या कुप्यांत घालून एका खोल काचेच्या बरणीत ओतल्या होत्या. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. कुप्या महिन्यावार पेटीत भरल्या होत्या आणि नीट कालवल्या गेल्या नव्हत्या, हे पुढे आकडेतज्ज्ञांनी दाखवून दिले : जानेवारीत जन्मलेल्यांचा सरासरी क्रमांक सुमारे २०१ होता, तर डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांचा सुमारे १२२. क्रमांक जितका लहान तितके बोलावणे लवकर, आणि त्या सोडतीतून अखेर १९५व्या क्रमांकापर्यंतच्या तरुणांना बोलावले गेले. म्हणजे कुप्या कालवण्यातल्या आळसापायी वर्षअखेरीस जन्मलेल्या मुलांच्या वाट्याला युद्ध अधिक आले. पुढच्या वर्षी तारखांसाठी एक आणि क्रमांकांसाठी एक, अशी दोन वेगळी पिंपे वापरण्यात आली. ही माहिती पुस्तकात वाचली असती तर मी पान उलटून पुढे गेलो असतो. पापडाच्या डब्यामुळे ती लक्षात राहिली.

पण सरांचा रोख डब्यावर नव्हता, तो डब्यात कोणाच्या चिठ्ठ्या आहेत यावर होता. बरणी कितीही नीट कालवली असती तरी, सोडतीच्या आधी कितीतरी वर्षे, महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणाला शिक्षण संपेपर्यंत सवलत मिळत होती. ज्याच्या बापाला फी परवडत होती त्याची चिठ्ठी डब्याबाहेरच राहत होती. त्याच काळात, १९६६पासून, एका खास योजनेखाली सैन्याने आपल्या बुद्धिचाचणीची पातळी खाली आणली आणि एरवी नाकारले गेले असते अशा तीन लाखांहून अधिक तरुणांना भरती केले; त्यांत गरीब आणि कृष्णवर्णीय तरुणांचे प्रमाण मोठे होते. एकीकडे शिक्षणामुळे सुटणारे आणि दुसरीकडे शिक्षण कमी असूनही घेतले जाणारे, ही दोन दारे शेजारी शेजारी दाखवण्याची सरांची हातोटी मला फार आवडली. थायलंडचेही त्यांनी एका वाक्यात सांगितले : तेथे दर एप्रिलमध्ये एकविशीतले तरुण पेटीत हात घालून लाल किंवा काळे कार्ड काढतात आणि लाल निघाले तर सैन्यात जातात, मात्र शाळेत असताना तीन वर्षांचे लष्करी प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला त्या पेटीकडे जावेच लागत नाही. शाळा अर्धवट सोडलेल्याचा हात मात्र पेटीत जातो.

दुसरा रविवार या मालिकेतला सर्वांत सकस. विषय होता अमेरिकेतील यादवी युद्ध. मार्च १८६३मध्ये उत्तरेकडील सरकारने सक्तीच्या भरतीचा कायदा केला आणि त्यात दोन वाटा ठेवल्या : आपल्या जागी बदली माणूस द्यावा किंवा ३०० डॉलर भरून मोकळे व्हावे. मजुराची ती जवळपास वर्षभराची कमाई होती. ‘श्रीमंतांचे युद्ध आणि गरिबांची लढाई’ अशी म्हण तेव्हा तेथे रूढ झाली. जुलैमध्ये न्यूयॉर्कमध्ये सोडत सुरू होताच दंगल उसळली, ती चार दिवस चालली आणि शंभरावर माणसे मारली गेली. दंगल करणारे बहुतांशी गरीब आयरिश मजूर होते. आणि त्यांचा राग वळला तो शहरातल्या कृष्णवर्णीयांवर, ज्यांना नागरिक मानले जात नसल्यामुळे त्या सोडतीत त्यांचे नावच नव्हते. कृष्णवर्णीय मुलांचे अनाथालय जाळण्यात आले. अन्यायाने चिडलेला माणूस आपल्याहून दुबळ्याला गाठतो, हे सांगताना सरांनी आवाज चढवला नाही. मुलगी नंतर म्हणाली की म्हणूनच ते जास्त लागले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी १५० डॉलर देऊन आपल्या जागी बदली माणूस पाठवला होता, हेही तेथेच कळले. दक्षिणेकडची स्थिती वेगळी नव्हती : वीस गुलामांमागे एका गोऱ्या माणसाला सैन्यातून सूट देणारी तरतूद तिकडे ऑक्टोबर १८६२मध्ये झाली होती.

याच तासाला सरांनी एक पेच टाकला आणि तो मी अजून सोडवतो आहे. ३०० डॉलरच्या तरतुदीवर सर्वांनी टीका केली होती. जुलै १८६४मध्ये ती बहुतांशी रद्द झाली, पण बदली माणूस देण्याची वाट तशीच राहिली. ३०० डॉलर भरून सुटता येत असे तोवर बदली माणसाला त्याहून फार जास्त कोणी देईना. ती मर्यादा गेल्यावर बदली माणसाचा भाव चढला आणि ज्यांना कसेबसे ३०० जमवता येत होते त्यांचीही वाट बंद झाली. म्हणजे अन्यायाची तरतूद काढून टाकल्यावर सुटका आणखी वरच्या थरापुरती उरली. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ही गोष्ट चटकन कळते : एकाच खिडकीवर दोन दर असतील आणि स्वस्त दर बंद केला, तर खिडकी बंद होत नाही, फक्त रांगेतली माणसे बदलतात.

हे चालू असतानाच मागच्या ओळीतल्या एका मुलाने हात वर करून विचारले, ‘सर, मग पंख्याखाली बसायचे पाचशे रुपये कशात बसतात?’ वर्ग हसला. सरही हसले आणि त्यांनी हा प्रश्न कार्यालयात विचारावा असे सांगितले. मुलाने तो तेथे खरोखर विचारला, तेव्हा ‘जागा ऐच्छिक आहे’ असे उत्तर मिळाले. उत्तर नियमाला धरून होते आणि त्या मुलाच्या सदऱ्यावर घामाचे पांढरे डाग होते. पुढच्या ओळीत मी बसलो होतो हे मला येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

तिसऱ्या रविवारी पूर्वार्ध ब्रिटनला दिला होता. डिसेंबर १९४३मध्ये कोळसा कमी पडू लागला, तेव्हा मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी सैन्यात बोलावलेल्या तरुणांच्या नोंदणी क्रमांकाचा शेवटचा अंक सोडतीने काढायला सुरुवात केली. तो अंक ज्याच्या क्रमांकाअखेर असेल त्याला सैन्याऐवजी खाणीत उतरावे लागे. येथे बापाचा पैसा किंवा शाळेचे नाव चालत नव्हते. स्वेच्छेने गेलेले धरून असे सुमारे ४८,००० तरुण खाणींत गेले. सोडत नि:पक्ष होती, आणि तरीही पुढचे सगळे विषम निघाले : त्यांना गणवेश नव्हता, पदक नव्हते, रस्त्यात लोक त्यांना पळपुटे समजत, आणि सरकारने त्यांच्यासाठी सन्मानचिन्ह काढले ते थेट २००८मध्ये. निवडीतल्या न्यायाबद्दल आपण इतके बोलतो आणि परतल्यानंतरच्या वागणुकीबद्दल किती थोडे, हा मुद्दा सरांनी मांडला, पण घाईत. त्याला स्वतंत्र तास द्यायला हवा होता.

उत्तरार्ध आपल्याकडचा होता आणि त्यासाठी मी पुन्हा शुल्क भरायला तयार आहे. पहिल्या महायुद्धात भारतात कायद्याने सक्ती झाली ती, गंमत म्हणजे, गोऱ्यांवर. १९१७च्या कायद्याने येथे राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजेला अंतर्गत संरक्षणाची सेवा बंधनकारक केली आणि हिंदी माणसाला ती ऐच्छिक ठेवली. कागदावर ऐच्छिक असलेली भरती पंजाबात गावागणिक कोटे ठरवून आणि दडपण आणून करण्यात आली. जून १९१८मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी लोकमान्य टिळकांना बोलू दिले नाही आणि टिळक सभा सोडून निघून गेले. त्याच उन्हाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात पायी फिरून सैन्यासाठी माणसे मागत होते आणि फारशी मिळत नव्हती. हक्काशिवाय कर्तव्य का, हा प्रश्न तेव्हाचा आहे.

त्यानंतर सरांनी उलट बाजू दाखवली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महार समाजाला १८९०च्या दशकात भरतीचे दार बंद झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार त्याच सैन्यात घडलेले होते. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१०मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज करून ते दार उघडण्याची मागणी केली. १९१७मध्ये, माणसांची चणचण भासू लागल्यावर, १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१मध्ये ती मोडण्यात आली. आजची महार रेजिमेंट उभी राहिली ती पुन्हा युद्धातच, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावात. गरज असली की बोलवायचे आणि गरज सरली की घरी पाठवायचे, हे तारखांवरूनच दिसते. त्यावर सरांनी भाष्य केले नाही आणि ते बरे झाले. ओढून नेण्यात जसा अन्याय असतो तसा नाकारण्यातही असतो, कारण सैन्याबरोबर पगार, शिक्षण, निवृत्तिवेतन आणि गावात ताठ मानेने चालण्याची सोय येते. माझ्या मनात तोवर सक्तीची भरती म्हणजे केवळ ओझे एवढेच चित्र होते.

तासाच्या शेवटी संविधानाचा अनुच्छेद २३ वाचला गेला. पहिल्या खंडात वेठबिगारीला मनाई आहे. दुसऱ्या खंडात मात्र सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लावण्याची राज्याला मुभा आहे आणि ती लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही, अशी अट आहे. ‘यात काय नाही?’ असे सरांनी विचारले. विड्यांसारख्या सुरळ्या करणाऱ्या त्या मुलीने पहिल्याच झटक्यात सांगितले, ‘लिंग.’ त्यावर पुढची वीस मिनिटे जी चर्चा झाली ती या मालिकेतली सर्वांत उत्तम चर्चा होती. नॉर्वेने २०१५पासून स्त्रियांनाही सक्तीच्या सेवेत घेतले आहे हे कोणी सांगितले, तर समान ओझ्याआधी समान मजुरी मिळू द्या, असे कोणी उत्तर दिले.

चौथ्या सत्राबद्दल मला कमी लिहायचे आहे, कारण ते रविवारी झालेच नाही. दोन दिवस आधी मोबाइलवर निरोप आला की सभागृह दुसऱ्या कार्यक्रमाला दिले असल्याने सत्र गुरुवारी दुपारी तीन वाजता होईल. मी अर्धी रजा टाकली. पाचशे रुपयांचा प्रश्न विचारणारा मुलगा यंत्रमागावर पाळी करतो. तो येऊ शकला नाही. आणखी एक रिक्षा चालवतो, तोही नाही. पहिल्या तीन सत्रांत पंचेचाळीसच्या आसपास असणारी हजेरी त्या दिवशी एकोणीस होती आणि त्यात पुढच्या तीन ओळी जवळपास पूर्ण भरलेल्या होत्या. महाविद्यालयीन सवलतीचा धडा इतक्या जवळून पाहायला मिळेल असे वाटले नव्हते. चुकलेल्या सत्राचे पैसे परत मागितल्यावर ‘सत्र घेतले गेले आहे’ असे कार्यालयाने सांगितले.

सत्रात आजची उदाहरणे होती आणि ती पळत पळत झाली. रशियाने सप्टेंबर २०२२मध्ये तीन लाख राखीव माणसांना बोलावले. युक्रेनने ऑगस्ट २०२३मध्ये लाचखोरीमुळे सर्व प्रादेशिक भरती प्रमुखांना काढून टाकले आणि एप्रिल २०२४मध्ये सक्तीच्या भरतीचे किमान वय २७वरून २५वर आणले. धर्मपाठशाळांत शिकणाऱ्या कट्टर धर्मनिष्ठ ज्यू तरुणांनाही भरती करावे, असा निकाल इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४मध्ये दिला. दक्षिण कोरियात ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या खेळाडूला सूट मिळते, पण बीटीएस या जगभर गाजलेल्या गायकवृंदातील सातही गायकांना सेवा बजवावी लागली. येथे मुलीच्या पिढीने सरांना बरेच अडवले आणि ते त्यांना आवडलेही. स्वित्झर्लंडमध्ये सेवा न करणाऱ्या पुरुषाला उत्पन्नाच्या तीन टक्के कर भरावा लागतो. ३०० डॉलर सर्वांना सारखे आणि तीन टक्के उत्पन्नाप्रमाणे, यांतील फरकावर अर्धा तास देता आला असता. तो दिला गेला नाही.

मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. ज्या देशात सक्ती नाही तेथे हा प्रश्न सुटला, असे गृहीत धरून मालिका संपते. अमेरिकेने १९७३मध्ये सक्ती थांबवली, स्वतंत्र भारतात ती कधी आलीच नाही, एवढे सांगून सरांनी पुस्तक मिटले. विजापूर रस्त्यावर पहाटे पाच वाजता सोळाशे मीटरचा सराव करणारी मुले कोणत्या घरांतली असतात, हे सोलापुरात कोणालाही विचारावे लागत नाही. मोहोळ, माढा, करमाळा येथून आलेली, चार एकर कोरडवाहू जमीन आणि दोन भाऊ असलेली ही मुले आहेत. जून २०२२मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची सेवा आहे आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम ठेवले जाते, हे त्यांना तोंडपाठ आहे. गरज ही सक्तीच नव्हे काय, असे मी उठून विचारले. सरांनी तो प्रश्न दोन धावपटू मुलांकडे वळवला. त्यांतला एक नम्रपणे म्हणाला, ‘काका, आम्हाला कोणी ओढून नेत नाही, आम्हीच रांगेत उभे आहोत. नको म्हणाले तर त्याला आम्ही अन्याय म्हणू.’ तिसऱ्या रविवारचा महार पलटणीचा तास त्याने माझ्यापेक्षा नीट ऐकला होता. माझा प्रश्न त्यामुळे निकालात निघाला असे मला वाटत नाही. पण गरिबाच्या निवडीला निवडच न मानणे हाही एक प्रकारचा तोरा आहे, हे मला त्या मुलाकडून ऐकावे लागले. यासाठी पाचवे सत्र हवे.

टिपणे चांगली आहेत : बत्तीस पाने, स्वच्छ मराठी, शुद्धलेखनाच्या थोड्या चुका. अनुच्छेद २३ शब्दश: दिला आहे, १९६९च्या सोडतीचा महिनावार तक्ता आहे. आदर्श उत्तरे मात्र एकाच साच्याची आहेत. मुलीने ती बाजूला ठेवली आहेत आणि मी तिला तसेच करायला सांगितले आहे.

शिकवण्यासाठी मी पाचपैकी साडेचार गुण देईन आणि कार्यालयीन व्यवहारासाठी दीड. सर शिकवणार असतील तरच नाव नोंदवा, कारण पुढच्या तुकडीला दुसरे कोणी शिकवणार असल्याचे कानावर आले आहे. शुल्क भरण्यापूर्वी चारही सत्रांचे वार आणि वेळा पावतीवर लिहून घ्या, आणि पाळीवर काम करत असाल तर सत्र बदलल्यास पैसे परत मिळतील की नाही, हेही त्याच पावतीवर लिहून घ्या. बसायला डावीकडच्या खिडकीजवळची चौथी ओळ बरी. तेथे जादा पैसे पडत नाहीत आणि अकरानंतर वारा येतो.